लेखकाची तक्रार रास्त आहे

स्टीफन किंग यांच्या 'द शायनिंग' (१९७७) या भयकादंबरीवर स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९८० साली चित्रपट काढला. तो जगभर गाजला, पण किंग यांना मुळीच पटला नाही. १९९७ साली त्यांनी स्वतः पटकथा लिहून त्याच कथेची तीन भागांची टीव्ही मालिका केली. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र चित्रपटच!

तरीही मला लेखकाची तक्रार रास्त वाटते. कादंबरीतला झपाटलेला बाप शेवटी क्षणभर भानावर येतो आणि मुलाला पळून जायला सांगतो. चित्रपटात हा प्रसंगच नाही. घाबरवायचे काम चित्रपट चोख करतो, पण बापाची माया त्यात हरवली. वर्गातील मोठ्या मुलांना एवढेच सांगणे, कादंबरी वाचल्याशिवाय त्या बापाला राक्षस ठरवू नका.