‘डेड’ म्हणण्याची घाई

रायपूरमध्ये घरी जोडलेला नवा संगणक सुरू होत नाही, तेव्हा त्याचे भाग सहसा दोन-तीन वाटांनी आलेले असतात. काही जयस्तंभ चौकाच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेले, काही ऑनलाइन मागवलेले, एखादा नागपूरच्या सीताबर्डीतून कुणा येणाऱ्याबरोबर आणवलेला. बटण दाबले की पंखे फिरतात, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. मग घरातला जाणता मुलगा, फोनवरचा दुकानदार आणि व्हिडिओ पाहून शहाणा झालेला मित्र यांचे दहा मिनिटांत एकमत होते: बोर्ड डेड आहे, बदलून घ्या. माझा आक्षेप या घाईला आहे. अमुक भाग सदोष आहे हा निष्कर्ष नव्या संगणकाच्या बाबतीत सर्वांत शेवटी यायला हवा. आपल्याकडे तो सर्वांत आधी येतो, आणि भुर्दंड ग्राहकाला पडतो.

मदरबोर्ड, रॅमची पट्टी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांची कारखान्यात स्वतंत्र तपासणी होते. त्यातूनही सदोष नग सुटतात, नाही असे नाही. पण एक गोष्ट कोणत्याच कारखान्यात तपासली गेलेली नसते, ती म्हणजे हा बोर्ड, ही रॅम आणि हा प्रोसेसर याच हातांनी याच कॅबिनेटमध्ये एकत्र बसवलेले. ते पहिल्यांदाच घडते आहे, म्हणून पहिला संशय जोडणीवर घ्यावा. चुकायला जागाही भरपूर असते. बोर्डाला वीज दोन ठिकाणी लागते. चोवीस पिनांचा मोठा प्लग डोळ्यांत भरतो, पण प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा प्लग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पत्र्याला खेटून असतो आणि विसरला जातो. तो नसला तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त पडदा काळा राहतो. रॅमच्या दोन पट्ट्या असल्या तर चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. हात मात्र पहिल्या दोन खाचांकडे जातो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, तर सगळे धडधाकट असूनही चित्र दिसणार नाही. बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंट, शॉर्ट करतो. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली तर संगणक सुरू होतो आणि थोड्या वेळाने तापून बंद पडतो. यांपैकी कशातही कंपनीचा दोष नाही.

काही वेळा तर बिघाडच नसतो, धीर नसतो. डीडीआर५ रॅम २०२१ च्या अखेरीस घरगुती संगणकांत आली. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड त्या रॅमशी वेग आणि वेळा जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर या कामाला काही मिनिटेही लागू शकतात आणि तोवर पडद्यावर काहीच उमटत नाही. अर्ध्या मिनिटात कुणीतरी बटण दाबून बंद करतो, पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो. प्रत्येक वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्या खेपेला बोर्ड मेल्याचे जाहीर होते, आणि बिचारा बोर्ड आपले काम करतच असतो.

चुकीच्या निदानाने नुकसान काय, एक भाग उगाच बदलला एवढेच ना? तेवढ्यावर भागत नाही. प्रोसेसरच्या पिना आता बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात: इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १७००, एएम५ मध्ये १७१८. केसासारख्या या पिनांपैकी चार वाकल्या की चांगला बोर्डही निकामी होतो. वाकलेली पिन म्हणजे ग्राहकाने केलेली मोडतोड, ती वॉरंटीत बसत नाही. म्हणजे ‘प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर घालून बघू’ या उत्साहात जो दोष नव्हता तो निर्माण होतो, तोही वॉरंटी घालवून. शिवाय वॉरंटीचा भाग शहराबाहेर जाऊन परत यायला आठवडे लागू शकतात, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन तो आला की गाडी पुन्हा होती तिथेच. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा बाजारात लावून बघायला जास्तीची पट्टी कोणता दुकानदार सहज काढून देणार?

जोडणीवरचा संशय ही माझ्या मनाची समजूत नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे महागडे कार्ड बाजारात आले आणि त्याचा वीजपुरवठ्याचा प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. कार्ड सदोष, केबल सदोष, असे अंदाज आठवडाभरात शंभर झाले. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितले की जगभरातली सुमारे ५० प्रकरणे तिच्यापर्यंत आली होती आणि प्लग पूर्ण न बसणे हे त्यातले एक समान कारण दिसत होते. यात कंपनीची सोय होती हे उघड आहे. अर्धवट बसूनही आत गेल्यासारखा वाटणारा प्लग ही रचनेचीच चूक म्हणायला हवी, आणि पुढे त्या प्लगची रचना बदललीही गेली. सुधारित प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्डाला पूर्ण वीज ओढू देत नाही. दोष कुणाच्या पदरात घालायचा याबद्दल वाद होऊ शकतो. तो सापडला मात्र जोडणीत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की भाग खरोखरच सदोष निघतात, मग ग्राहकाने वायरी चाचपत का बसावे? इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचे उदाहरण ताजे आहे. खेळ सुरू असताना संगणक कोसळत आणि पडद्यावर संदेश येई, ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी अर्थातच ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. कार्ड निर्दोष होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यातून स्वतःच खराब होत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केले, ऑगस्टमध्ये बायोसद्वारे सुधारणा दिली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर त्या सुधारणेने बरा होत नव्हता, तो बदलूनच घ्यावा लागला. हे उदाहरण माझ्या विरोधात दिले जाते, पण मला ते उलट वाटते. संदेश वाचून ज्यांनी कार्ड बदलले त्यांचे पैसे गेले. दोष कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या सेटिंगला, कोणत्या कामात येतो याच्या ज्यांनी नोंदी ठेवल्या, त्यांच्यामुळे कंपनीला बोलावे लागले.

नोंद ठेवून शोध घेणे अवघड नाही, कंटाळवाणे आहे. संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही सोय आहे. पूर्वी बीपच्या आवाजांवरून दोषाचा अंदाज यायचा. आता अनेक बोर्डांबरोबर छोटा स्पीकर येत नाही, पण बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो तो गाडी कुठे अडली ते सांगतो, गुन्हेगार कोण हे नाही. त्यापुढे काम वजाबाकीचे. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, एवढेच ठेवायचे, जमल्यास कॅबिनेटबाहेर बोर्डाच्या खोक्यावर. ते चालले की एकेक भाग वाढवायचा, एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदल कागदावर लिहायचा. रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग आधी बंद ठेवायची आणि मेमटेस्ट८६ सारखा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू द्यायचा. बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना असेल तर बायोस नवे लागते का तेही पाहायचे. दोन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर आनंद होतो, माहिती मिळत नाही.

आपल्या भागात या यादीत भिंतीतला सॉकेटही धरला पाहिजे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची रचना अशी असते की घरात अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून हाताला फक्त मुंग्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. स्पीकरमध्ये खरखर, यूएसबीवरच्या वस्तूंचा संपर्क मध्येच तुटणे अशा तक्रारींचे मूळ इथे असू शकते, आणि ते बोर्ड बदलून जाणार नाही, इलेक्ट्रिशियन लागेल. स्वस्त यूपीएसचे असेच आहे. तो बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, ती काही चांगल्या एसएमपीएसनाही मानवत नाही आणि वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद पडतो. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळालेल्या एसएमपीएसबद्दल काय लिहावे! लाखाच्या संगणकात हजाराचा एसएमपीएस घालणाऱ्याने बोर्डाला बोल लावू नये.

हे सगळे ग्राहकाने का करायचे, तयार ब्रँडेड संगणक घ्यावा, असे कुणी म्हणेल. ज्याला स्क्रूड्रायव्हर हातात धरायचाच नाही त्याने खुशाल घ्यावा. एकाच कंपनीकडे तक्रार करता येणे ही मोठी सोय आहे. पण एनआयटीतल्या विद्यार्थ्याला, व्हिडिओ संपादन करणाऱ्याला किंवा आर्किटेक्टला त्याच पैशांत जास्त ताकदीचा आणि पुढे भाग बदलता येणारा संगणक हवा असतो, म्हणून तो जोडून घेतो. उघडले तर वॉरंटी जाईल ही भीतीही इथे बरीचशी निराधार आहे. सुट्या भागांची वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि रॅम काढून पुन्हा बसवा असे बोर्डाचे माहितीपुस्तकच सांगते. प्लग काढायचा, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मगच आत हात घालायचा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्यातले कपॅसिटर भारलेले राहू शकतात.

तरीही पहिली जबाबदारी मी ग्राहकावर टाकणार नाही. ज्या दुकानाने संगणक जोडून दिला, त्याने तो तपासल्याचा कागद द्यावा: बायोसची आवृत्ती, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, रॅमची चाचणी किती तास चालली, पूर्ण भार असताना प्रोसेसर किती तापला. दुकानदार म्हणतील, एवढ्या थोड्या नफ्यात वेळ कुठून आणू. चाचणीला माणूस समोर बसावा लागत नाही, रात्र लागते. मे २०२५ मध्ये नवा रायपूरमध्ये एआय डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन झाले. असल्या ठिकाणी सर्व्हर भार टाकून तपासल्याशिवाय कामाला लावत नाहीत. शेजारच्याच रायपूरमधल्या घरगुती ग्राहकाला निदान त्याची छोटी आवृत्ती मिळावी. कायदाही याच दिशेने आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात इतरांनी बनवलेले भाग जोडणाऱ्यालाही उत्पादक मानले आहे, आणि जोडताना किंवा तपासताना पुरेशी काळजी न घेणाऱ्या विक्रेत्यालाही इजा वा नुकसानीसाठी जबाबदार धरता येते. ही तरतूद वस्तूमुळे दुसरे काही बिघडले त्यासाठी आहे. वस्तूतल्याच दोषाची तक्रार वेगळी, पण ती राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. भाग तीन ठिकाणांहून घेऊन स्वतः जोडलेल्याला मात्र जोडणारा म्हणून स्वतःकडेच बोट दाखवावे लागेल. त्याची भिस्त स्वतःच्या नोंदींवर.

त्या कागदात एक उणीव राहील, ती रायपूरच्या हवेची. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या वर काही अंशांवर रोखून धरतो, खोलीपेक्षा थंड करत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना जो प्रोसेसर ७२ वर थांबला, तो मे महिन्यात बाहेर ४४ आणि खोलीत ३८ असताना ९० च्या घरात जाईल. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे. त्यात कुणीतरी कॅबिनेट एअर कूलरच्या थेट झोतात, ओल्या हवेत आणून ठेवतो. मग संगणक अडखळतो, दुकानदार म्हणतो पाच महिने तर नीट चालला, आणि नवा दोष म्हणून पुन्हा बोर्डाकडे बोट जाते. कूलर कमी पडत होता तो जानेवारीपासूनच. चाचणीच्या कागदावर म्हणूनच विक्रीच्या तारखेशेजारी मे महिन्याचा एक रिकामा रकाना आधीच छापलेला असावा, आणि तो भरून देण्याचे काम दुकानाने त्याच पैशांत करावे, निदान पहिल्या उन्हाळ्यापुरते.