सत्तरच्या दशकातले सिनेमे बघाच, पण नुसता ‘शोले’ नको

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर वाचा, राग आला तर फोन करा. नंबर सगळ्यांकडे आहेच.

सध्या आपल्याकडे एक यादी फिरतेय, सत्तरच्या दशकातले आवर्जून बघावेत असे सिनेमे. शोले, दीवार, जंजीर, अमर अकबर अँथनी. बघा की, कोण नको म्हणतंय? मी स्वतः ‘शोले’ किती वेळा बघितलाय त्याचा हिशेब नाही. पण आपल्या तालुक्यात गब्बर घोड्यावरून येत नाही. आपल्याला लुटणारा माणूस पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला येतो, मयतीला सगळ्यांच्या आधी पोचतो आणि खांद्यावर हात ठेवून ‘काळजी करू नको’ म्हणतो. त्याचा सिनेमा वेगळा आहे.

त्या सिनेमाचं नाव ‘सामना’. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, निर्माते आपले वात्रटिकावाले रामदास फुटाणे. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील बघा. त्यानं गावात विकास केलाय, खोटं नाही. बोलतो गोड, पाहुणचारात कसर नाही. म्हणून तर गाव गप्प आहे. आणि एक दारुडा मास्तर, डॉ. लागूंचा, एकच गोष्ट विचारत राहतो, की मारुती कांबळे गेला कुठं? विकास एका पारड्यात आणि एक माणूस दुसऱ्या पारड्यात. हे वजन आपण आजही रोज करतो, आणि काटा कुठं झुकतो ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा ‘मंथन’, १९७६ चा. श्याम बेनेगलांचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला. गिरीश कर्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह. दूध कुणाचं, भाव कोण ठरवतं आणि गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरला की पुढं काय होतं, हे ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्यानं बघायलाच पाहिजे. डेअरीवर फॅट कमी लागली की आपण म्हशीला शिव्या देतो. एकदा मशीनकडंही बघा.

तिसरा ‘सिंहासन’, १९७९ चा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्र्याची खुर्ची, तिच्यावर डोळा असलेला अर्थमंत्री, कामगार पुढारी आणि हे सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस. हा सिनेमा मी पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्यांदा बघितला. तेव्हा वाटलं होतं, आपण दिगू व्हायचं. पण दिगूला निदान सगळं कळतंय याचं वेड तरी लागतं. मला कळूनही काही झालं नाही.

सांगूनच टाकतो. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडं दोन पावत्या घेऊन आला. एकाच खेपेचा ऊस, एक पावती बाहेरच्या वजनकाट्याची, दुसरी कारखान्याची. फरक सव्वा टनाचा. मी बातमी लिहिली. पाठवायच्या आदल्या दिवशी साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात आली, पूर्ण पानाची. माझं वर्षाचं टार्गेट त्यात निघत होतं. बातमी मी पाठवली नाही. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी फोनही केला नाही. मीच थांबलो.

म्हणून म्हणतो, जुनं ते सगळं सोनं असा माझा दावा नाही. त्याच दशकात आणीबाणी होती. ‘आँधी’ वर बंदी आली, ‘किस्सा कुर्सी का’ च्या प्रिंट जाळल्या गेल्या. आणि त्याच दशकाच्या शेवटी ‘सिंहासन’चं चित्रीकरण मंत्रालयात झालं, तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवारांच्या परवानगीनं. सत्तेवरचा सिनेमा, सत्तेच्याच इमारतीत! बंदी घालणारे तेव्हाही होते, पण पंगा घेऊन सिनेमा काढणारेही होते.

आता बघा आपल्याकडं काय झालं. गणपतीत एक दिवस पडद्यावर ‘सामना’ लावू, असं मी एका मंडळाला सुचवलं. प्रोजेक्टर मी आणणार होतो. अध्यक्ष चांगला पोरगा आहे. म्हणाला, “दादा, सिनेमा भारी असेल हो, पण मंडपाचा खर्च साहेबांनी केलाय. उगाच त्यांच्या मनात काहीतरी यायचं.” साहेबांना त्यानं विचारलंच नव्हतं! कदाचित साहेब हसून ‘लावा’ म्हणाले असते. बंदी घालायला आता सरकार लागत नाही, ते काम आपणच फुकट करतो. त्या पोराला मी काय बोलणार? मीही तेच केलं होतं.

काही जण म्हणतील, काळा-पांढरा सिनेमा आजकालची पोरं बघणार नाहीत. अहो, पोरं रात्री दोनपर्यंत मोबाईलवर काय काय बघतात! प्रश्न रंगाचा नाही. ‘सामना’ बघून झाल्यावर पोरगं विचारेल, “बाबा, आपल्या गावातला हिंदुराव कोण?” त्या प्रश्नाला आपण घाबरतो.

तर येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या अंगणात ‘सामना’ लावतोय. तिकीट नाही, सत्कार नाही, स्टेज नाही. चटई आपापली आणा. साहेबांनाही निमंत्रण आहे, खुर्ची नाही मिळणार एवढंच.

आणि हो, त्या दोन पावत्या अजून माझ्या कपाटात आहेत. त्या दिवशी सोबत ठेवतो. ज्यांच्याकडं आपल्या पावत्या असतील, त्यांनीही घेऊन या.