पडद्याला काठ हवा, तोही खरा काळा

पुसेगाव किंवा म्हसवडच्या यात्रेत ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला, त्यांना प्रोजेक्टरचे पहिले तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. अंधाराशिवाय चित्र खुलत नाही. आता सातारा-सांगलीकडे बंगला बांधताना सिनेमासाठी वेगळी खोली काढली जाते, तेव्हा नेमके हेच विसरले जाते. चौकशी होते ती ल्युमेन किती याची. पडद्याभोवतीची काळी पट्टी मात्र शोभेची समजून तिच्यावर काटकसर केली जाते. लाखभर खर्च करून फिके चित्र पाहत बसण्याची वेळ अनेकदा इथूनच येते.

पट्टीचे पहिले काम साधे आहे. प्रोजेक्टरच्या चित्राच्या कडा किंचित तिरप्या आणि धूसर असतात. म्हणून चित्र पडद्यापेक्षा जरासे मोठे ठेवून त्याची कड पट्टीवर सोडतात. पट्टी काळ्या मखमलीची असेल तर तो प्रकाश तंतूंत जिरतो. ऑइलपेंटने रंगवलेली चकचकीत पट्टी मात्र तोच प्रकाश परत फेकते. अशी पट्टी असून नसल्यासारखीच.

दुसरे काम डोळा आणि मेंदू यांच्यात घडते. पॅरिसच्या गोबेलिन गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली, की काळा रंग फिका दिसतो. त्यांनी तपासले तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. 1839 साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. साडीचा काठ बदलला की अंगाचा रंग वेगळा वाटतो, हे आपल्याकडे कोणत्याही कापडदुकानात दिसते. काळ्या काठाशेजारी पडद्यावरचा पांढरा भागही तसाच अधिक उजळ वाटतो.

पण विक्रेते सहसा न सांगणारी एक बाजूही आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश कमी करतो. त्यामुळे चित्रातला काळा प्रत्यक्षात करडा असतो आणि मखमलीशेजारी तो करडेपणा उलट उघडा पडतो. 100 इंची, 16:9 पडद्यावर 2.39:1 प्रमाणाचा रुंद चित्रपट लावला, की 49 इंच उंचीपैकी चित्र साडेछत्तीस इंचच व्यापते. वर-खाली सहा-सहा इंचांचे करडे पट्टे उरतात आणि अंधाऱ्या प्रसंगात तेच डोळ्यांत भरतात. मोठ्या चित्रपटगृहांत असा रिकामा भाग झाकायला सरकते काळे पडदे असत. घरी हलक्या फळ्यांना मखमल चिकटवून वर-खाली अडकवल्या तरी काम होते.

काठाने डोळ्यांना आराम मिळतो, या दाव्यावर मात्र फार विसंबू नये. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, त्याने डोळे कोरडे होतात. त्यावर मखमलीचा काय इलाज?

आणि पांढरेशुभ्र पीओपी छत तसेच ठेवून काठावर खर्च करण्यातही अर्थ नाही. पडद्याचा उजेड छतावर आपटून पुन्हा पडद्यावरच येतो आणि चित्रातला काळा धुऊन टाकतो. आधी पडद्याजवळचे छत आणि भिंती गडद, बिनचकाकीच्या रंगाने रंगवाव्यात, खिडकीला जाड पडदा लावावा. मग मखमली काठ. एवढे झाल्यावरही चित्र मंद वाटले, तरच जास्त ल्युमेनच्या प्रोजेक्टरची किंमत विचारावी.