आधी बूट द्या!

टीव्हीवर रणगाडा दिसला की पांढरपेशांची छाती फुगते. फुगू दे. आपण हिशेब मागू. काडेपेटी घेणारा मोंढ्यातला हमालसुद्धा कर भरतो. पैसा त्याचाही आहे.

अर्जुन रणगाड्याचंच घ्या. मंजुरी १९७४ची, अंदाज साडेपंधरा कोटींचा. विकासाचा खर्च गेला ३०० कोटींच्या वर. लष्करानं पहिली १२४ रणगाड्यांची मागणी नोंदवली ती २००० साली. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर सव्वीस वर्षांचं घोडं झालं! ‘स्वदेशी’ म्हणून ढोल बडवले, इंजिन मात्र जर्मन. पुढं सुटे भाग मिळेनात म्हणून त्यातले कित्येक नुसते उभे राहिले. २०१०च्या चाचणीत अर्जुन रशियन टी-९०ला भारी पडला म्हणतात. पडला असेल. पण त्याआधीच, २००१ साली, ३१० टी-९० विकत घेऊन झाले होते. एकाच कामाला दोनदा खिसा कापला.

पाण्यातही तीच बोंब. माझगाव गोदीत सहा पाणबुड्या बांधायचा करार २००५चा. पहिली २०१२ला यायची, ती आली २०१७ला. तिच्यासाठीच्या नव्या टॉर्पेडोंचा सौदा लाचखोरीच्या भानगडीत बुडाला. बंदूक नवी, गोळी जुनी!

आणि जवान? २०२० साली संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल वाचा. सियाचीनसारख्या बर्फात बूट कमी, गॉगल कमी, जुनेच बूट दुरुस्त करून पायात, ताटातही कमी. हजारो कोटींचे सौदे करणाऱ्यांना बूट जड झाले? तिथं मंत्र्याचा पोरगा नसतो, दोस्तांनो. कोरडवाहूवाल्याचा, भूमिहीनाचा पोरगा असतो. त्याच्यासाठी २०२२ साली काय आणलं? अग्निपथ. चार वर्षं राबा, मग चौघांतले तिघे घरी. पेन्शन नाही.

असं विचारलं की ‘देशद्रोही’ म्हणून अंगावर येतात. त्यांना सांगा, महार पलटण उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी आग्रह धरला, ती १९४१ साली उभी राहिली. त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडताना सांगितलं की ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात. सैनिकाच्या बाजूनं उभं राहणं वेगळं, सौद्यापुढं मान तुकवणं वेगळं.

आपल्या उशालाच देवगिरी आहे. उभा कातळ, खंदक, अंधारी. १६३३ साली वेढा पडला, आतलं धान्य संपलं आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. भुकेपुढं कातळ टिकला नाही, तिथं पत्रा काय टिकणार?

गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं आत गुदमरून मरतात. त्यासाठी यंत्र घ्यायचं म्हटलं की तिजोरी रिकामी. रणगाड्याला पन्नास वर्षं पैसा पुरतो.

म्हणून पोरांनो, परेड बघा, टाळ्याही वाजवा. पण प्रत्येक नव्या तोफेला, विमानाला, पाणबुडीला तीन प्रश्न विचारा: किती म्हणाला होता? किती लागले? कधी देणार होता?

आणि चौथा: बूट कुठाय?