लेबल नसलेलं खोकं

आमच्या पूर्णा गावात हळद असली की जेवणं उरकल्यावर कधीतरी 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' वाजतंच. मागच्या हळदीला मी नाचून घामाघूम झालेल्या पाच चुलत-मावस भावंडांना विचारलं, हा अँथनी गोन्साल्विस कोण? चौघं म्हणाली, अमिताभ. पाचवा जरा हुशार, तो म्हणाला, 'अमर अकबर अँथनी'मधलं पात्र.

हसू नका. इंजिनीअरिंग करून नोकरीला लागेपर्यंत मलाही एवढंच माहीत होतं.

अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता. जन्म १९२७, गोव्यातलं माजोर्डा. वडील चर्चमध्ये संगीत शिकवायचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि संगीताची लिपी शिकवत, त्यामुळे तिथली पोरं कागदावरचं संगीत आपण पेपर वाचतो तसं वाचायची. हेच कौशल्य घेऊन अँथनी मुंबईला आला आणि १९४३ साली नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. पुढे तो अरेंजर झाला, म्हणजे संगीत संयोजक. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांपैकी एक मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. १९७७ च्या त्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव घातलं. देशाने ते पाठ केलं आणि माणूस मात्र कुणालाच कळला नाही.

संयोजक नेमकं काय करतो? संगीतकार चाल देतो. पण साठ-सत्तर वादक एका चालीवर काय वाजवणार? सुरुवातीचा तुकडा कुठला, दोन कडव्यांमध्ये काय वाजेल, गायिका 'आ' लावते तेव्हा मागे व्हायोलिन्स वर जातील की खाली, हे सगळं प्रत्येक वाद्यासाठी वेगळं लिहावं लागतं. त्या काळी गायक आणि वादक एकत्रच रेकॉर्ड होत. एकाचा सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. हे सगळं लिहून काढणारा आणि अनेकदा समोर उभा राहून वाजवून घेणारा माणूस म्हणजे संयोजक. शंकर-जयकिशनसाठी हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी केलं, सी. रामचंद्रांसाठी चिक चॉकलेट यांनी. आपल्या मराठीत अनिल मोहिले होते.

आता तुमच्या फोनवर यातलं कुठलंही गाणं उघडा आणि श्रेय बघा. माझ्या अ‍ॅपमध्ये गायक दिसतो, संगीतकार दिसतो, गीतकार दिसतो. संयोजक नाही.

लोक म्हणतात, काळाच्या ओघात विसरले गेले बिचारे. मला हे मान्य नाही. मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पूर्णा हे ठाणे-भिवंडी रस्त्यावरचं, गोदामांनी वेढलेलं गाव. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू याच पट्ट्यातून येतात. इथे एक नियम बारा तासांची पाळी करणाऱ्या पोरालाही ठाऊक असतो: ज्या खोक्यावर लेबल नाही, ते गोदामात असूनही नसतं. ते कुणी चोरलेलं नसतं, फक्त सिस्टिमला दिसत नाही. आणि सिस्टिममध्ये कुठला रकाना ठेवायचा, कुठला नाही, हे काळाचा ओघ ठरवत नाही. माझ्यासारखं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. संगीताच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत संयोजकासाठी 'एआर' असा स्वतंत्र कोड आहे. म्हणजे तांत्रिक अडचण नाही. रकाना ठेवलेला नाही, एवढंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चाल हाच गाण्याचा आत्मा, बाकी सजावट. मग एक करून बघा. मित्रांना जुन्या गाण्यांचे गाणं सुरू होण्याआधीचे दहा सेकंद ऐकवा. गायकाने तोंड उघडण्याआधी ते गाणं ओळखतील. ते ओळखतात ती काय सजावट? हो, सगळे सुरुवातीचे तुकडे संयोजकांचेच होते असं नाही. सलील चौधरींसारखे संगीतकार स्वतःच लिहीत, प्यारेलालही लिहीत. पण मग ज्याने लिहिलं त्याचं नाव ज्याच्या-त्याच्या गाण्यावर लावा. 'कुणाचं काय ते कळत नाही' म्हणून सगळंच एकाच्या खात्यात टाकू नका. आणि बरंचसं कळतंही. शंकर-जयकिशनच्या कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'सहायक' म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं पडद्यावर आहेत. अ‍ॅपवाल्यांनी तेवढी तरी उतरवायची!

दुसरा आक्षेप: त्यांना कामाचे पैसे मिळाले, विषय संपला. पैसे म्हणजे श्रेय नव्हे. मलाही पगार मिळतो, तरी मी लिहिलेल्या कोडच्या प्रत्येक ओळीपुढे माझं नाव आणि तारीख नोंदलेली राहते. चूक झाली तर मला धरतात, चांगलं झालं तर ते माझं असतं. संयोजकाच्या वाट्याला यातलं पहिलंच आलं.

कायद्याची गंमत तर ऐका. आपला कॉपीराइट कायदा जानेवारी १९५८ मध्ये लागू झाला. त्यातल्या मूळ व्याख्येनुसार संगीत म्हणजे छापलेलं, लिहिलेलं किंवा तशाच प्रकारे कागदावर उतरवलेलं संगीत. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे तोवर कायद्याला हवा होता तो लिहिलेला कागद, आणि कितीतरी संगीतकारांसाठी तो कागद गोव्याची ही माणसं लिहीत होती. ज्यांच्या हातात पेन होतं त्यांचंच नाव कुठे नाही.

त्याच १९५८ साली अँथनी यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा'. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसले, सोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. त्यांना राग आणि सिम्फनी एकत्र आणायची होती. 'सोनाटिना इंडियाना' आणि राग सारंगमधला कॉन्चेर्टो ही त्यांच्याच लेखणीतली कामं. हा माणूस दुसऱ्याच्या चाली सजवण्यापुरता नव्हता. तो स्वतः संगीतकार होता. पण चित्रपटांच्या रचनेत त्याची जागा 'सहायक' हीच. १९६५ मध्ये ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते चित्रपटांत रमायला नाही. माजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये गेले. त्याच वर्षी अनिल मोहिलेही गेले.

हा जुना इतिहास आहे असं वाटत असेल, तर पुन्हा हळदीला चला. माझा एक चुलतभाऊ बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. कुठलं गाणं कुठल्या गाण्याला जोडायचं, बेंजो कधी थांबेल, ढोल कधी उचलेल, सगळं त्याच्या डोक्यातून निघतं. बॅनरवर नाव मालकाचं आणि गायकाचं. मागच्या वर्षी त्याने बसवलेला एक तुकडा रीलवर तुफान चालला. खाली 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून नाव आलं ज्याने मोबाइलवर शूट केलं त्याचं! मी म्हटलं, "दादा, बोल ना काहीतरी." तो म्हणाला, "जाऊ दे रे, आपल्याला वाजवायचंय." मला खात्री आहे, साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या कुठल्यातरी स्टुडिओबाहेर चहा पिताना कुणीतरी अगदी हेच म्हणालं असेल.

म्हणून अँथनींचे पुतळे वगैरे नकोत. अ‍ॅपवाल्यांनी एक रकाना वाढवावा, 'संगीत संयोजन'. माहिती आहे तिथे भरावी, नाही तिथे रिकामा ठेवावा. रिकामा रकाना निदान प्रश्न तरी विचारतो. नवीन गाणी करणाऱ्या पोरांनी गाणं अपलोड करतानाच सगळ्यांची नावं टाकावीत. त्याला दोन मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. आणि तुम्ही? पुढच्या वेळी एखादं गाणं शेअर कराल, तेव्हा ते कुणी बसवलं तेही लिहा.

आमच्या हळदीतल्या पाचही पोरांना आता अँथनी गोन्साल्विस कोण ते माहीत आहे. पण बॅनरवर दादाचं नाव अजून आलेलं नाही. पुढची हळद मार्गशीर्षात आहे. बॅनर छापायचं काम मी माझ्याकडे घेतलंय.