निळा रंग आणि तपकिरी रेषा

अमेरिकेंतील उत्तर डाकोटा संस्थानाच्या तृणमय मैदानाचा भूपृष्ठदर्शक नकाशा उघडला, कीं लहानमोठीं असंख्य तळीं दृष्टीस पडतात. हिमयुगाच्या अखेरीस मागें राहिलेले बर्फाचे खंड वितळून जे खळगे झाले, त्यांत हें पाणी सांचलें. तळ्याची निळी कड तुटक असेल तर तें हंगामी समजावें. तपकिरी रेषा समान उंचीचीं स्थळें जोडते. बंद रेषेस आंतून बारीक दांते असले, तर तेथें खळगा आहे.

परंतु निळा रंग केवळ मोजणीच्या वेळचें पाणी दाखवितो. तें कोठवर चढेल हें तपकिरी रेषांवरूनच कळतें. तेथील डेव्हिल्स लेक १९९३ ते २०११ या काळांत सुमारें ३२ फूट चढलें. शेतें, रस्ते, घरें पाण्याखालीं गेलीं. या सरोवराचें पाणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,४५८ फुटांवर पोहोंचल्यावांचून शायेन नदीकडे आपोआप वाहत नाहीं. तोंवर चढतें पाणी आजूबाजूस पसरतें. म्हणून तळ्याकांठीं जागा पाहणाऱ्यानें प्रथम नकाशाचें वर्ष पहावें, आणि मग पाण्याची कड सोडून पाण्याच्या वाटेची उंची शोधावी.