खेळणे वीतभर, खोके हातभर

बाबासाहेबांच्या जयंतीला दानशूर मंडळी आमच्या वसतिगृहातील मुलांसाठी खेळणी आणतात. त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही एक गोष्ट नमूद करणे आम्हांस भाग आहे. हातभर खोक्यातून वीतभर मोटार निघते. वर कडक प्लास्टिकचे कवच, आत पुठ्ठ्याला पिळून आवळलेल्या तारा. लहानग्यांच्या नखांना ते दाद देत नाही. कात्री घेऊन आम्ही बसतो, मुले ताटकळतात.

दुकानाच्या फळीवर माल मोठा दिसावा म्हणून केलेला हा पसारा अखेर उचलतो कोण? २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी उत्पादकांवरही टाकली. प्रत्यक्षात भार वाहतात कचरावेचक भगिनी. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत त्यांच्याच बळावर उभी राहिली; त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या माताही हेच काम करतात. गतवर्षी एक मुलगा नवी मोटार बाजूला ठेवून पुठ्ठे निराळे रचत बसला. विचारले तेव्हा म्हणाला, “गुरुजी, प्लास्टिक चिकटलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही.”

यंदा देणगीदारांनी खेळणी दुकानातच उघडावीत, वेष्टन दुकानदाराच्या हाती द्यावे आणि मोटार तेवढी आमच्याकडे आणावी.